निर्लेखित यंत्राची साक्ष

शाळांच्या कारभारात ‘निर्लेखन’ नावाचा एक शब्द आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेली वस्तू मोडली, कालबाह्य झाली किंवा दुरुस्तीच्या पलीकडे गेली, की ठराव करून तिचे निर्लेखन होते. बाक, फळा, ग्लोब, हार्मोनियम, प्रोजेक्टर अशा सगळ्यांना शेवटी याच वाटेने जावे लागते. नोंदीवर लाल शाईची रेघ येते आणि वस्तू भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते. शब्द हिशेबाचा असला तरी त्याचा अर्थ विचार करायला लावणारा आहे. जे एकदा लिहिले होते ते लिहिलेले राहिले नाही, असे तो सांगतो.

भारतातील शाळांमध्ये आलेल्या संगणकांची पहिली पिढी अशीच निर्लेखित झाली. त्या पिढीतील एक यंत्र गेली तीन वर्षे माझ्या टेबलावर आहे. नाव ‘बीबीसी मायक्रोकॉम्प्युटर, मॉडेल बी’. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातील शाळेने ते निर्लेखित केले आणि भंगारात जाण्याआधी ते माझ्याकडे आले. जुनी घरगुती संगणकयंत्रे दुरुस्त करणे हा माझा अनेक वर्षांचा उद्योग आहे. हे यंत्र चालू करणे फारसे अवघड नव्हते. अवघड होता तो पुढचा प्रश्न: ते ‘नव्यासारखे’ करायचे का? हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी हे यंत्र कुठून आणि कशासाठी आले, हे पाहावे लागेल.

केंब्रिजमधला एक आठवडा

१९८०च्या सुमारास ब्रिटनमध्ये एक धास्ती पसरली होती. मायक्रोप्रोसेसर नावाची वस्तू कारखाने आणि कार्यालये बदलून टाकणार आणि आपली जनता त्याबाबत अडाणी राहणार, अशी ती धास्ती होती. त्यावर उपाय म्हणून बीबीसीने संगणक साक्षरता प्रकल्प आखला. त्यात दूरचित्रवाणी मालिका होती, पुस्तके होती, आणि मालिकेत दाखवलेले प्रयोग प्रेक्षकाला घरी करता यावेत म्हणून बीबीसीचे नाव लावलेला एक संगणकही असणार होता.

तो बनवण्याचे काम मिळवण्यासाठी अनेक कंपन्या धडपडत होत्या. केंब्रिजची एकॉर्न ही त्यातली एक. हर्मन हाउझर आणि ख्रिस करी यांनी १९७८ मध्ये ती सुरू केली होती. बीबीसीची माणसे पाहणीला येणार असे ठरले तेव्हा एकॉर्नकडे दाखवण्याजोगे यंत्र नव्हते. कागदावरचा एक आराखडा होता, त्याचे नाव ‘प्रोटॉन’. सोफी विल्सन, स्टीव्ह फर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आठवड्यात, रात्रीचे दिवस करून, त्याचा चालता नमुना उभा केला. काम एकॉर्नला मिळाले.

१ डिसेंबर १९८१ रोजी यंत्र बाजारात आले आणि जानेवारी १९८२ मध्ये मालिका सुरू झाली. २ मेगाहर्ट्झने चालणारा ६५०२ प्रोसेसर, ३२ किलोबाइट स्मृती, कायमस्वरूपी चिपमध्ये कोरलेली बेसिक भाषा आणि टंकलेखन यंत्रासारखा दणकट कळफलक, अशी त्याची रचना होती. मॉडेल बीची सुरुवातीची किंमत ३३५ पौंड होती. सुमारे १२ हजार यंत्रे खपतील असा बीबीसीचा अंदाज होता; प्रत्यक्षात पंधरा लाखांच्या आसपास खपली. शाळांनी यंत्र घेतले तर निम्मी किंमत ब्रिटिश सरकार देत असे, हे त्यामागचे एक मोठे कारण.

याच यंत्राच्या आधाराने एकॉर्नने पुढे ‘आर्म’ हा नवा प्रोसेसर रचला. त्याच्या आज्ञावलीची पहिली चाचणी सोफी विल्सन यांनी बीबीसी बेसिकमध्येच लिहिली होती. एप्रिल १९८५ मध्ये ती चिप तयार झाली. आज आपल्या खिशातल्या बहुतेक मोबाइल फोनमध्ये त्याच घराण्यातली चिप असते. म्हणजे माझ्या टेबलावरचे यंत्र आजच्या फोनचे, नात्याने पाहिले तर, आजोबा ठरते.

भारतातला ‘क्लास’

१९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक नेण्याचा एक पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. त्याचे इंग्रजी नाव ‘कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स’. आद्याक्षरे जोडून झाले ‘क्लास’. शिक्षण मंत्रालय, इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि एनसीईआरटी त्यात होते. सुरुवातीला सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या; पुढे हा आकडा दोन हजारांच्या वर गेला. शिक्षकांना शिकवण्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालये आणि विद्यापीठांतून साधनकेंद्रे नेमली गेली. आणि यंत्र निवडले गेले ते बीबीसी मायक्रो. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने ‘युनिकॉर्न’ या नावाने त्याची भारतीय आवृत्तीही काढली.

या निवडीत एक तांत्रिक सोय होती. ब्रिटनची वीज आणि आपली वीज सारख्याच ५० हर्ट्झची, दाब जवळपास सारखा आणि दूरचित्रवाणीची पद्धतही दोन्हीकडे पाल. म्हणजे प्लगची वायर बदलली की यंत्र जवळजवळ जसेच्या तसे चालणार. पण विजेचे जुळले म्हणजे सगळे जुळले असे नव्हे. यंत्राच्या पाठ्यपुस्तिका इंग्रजीत, आज्ञा इंग्रजीत, धड्यांचे प्रोग्रॅम इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या आठवीतल्या मुलासमोर ते ठेवले तेव्हा त्याने काय केले असेल? सरकारी कागदपत्रांत शाळांची संख्या, यंत्रांची संख्या, प्रशिक्षित शिक्षकांची संख्या असते. मुलाची बोटे कुठे पडली, याची नोंद त्यात नसते.

ही नोंद मला पुढे अनपेक्षित ठिकाणी सापडली. पण ती वाचण्याआधी यंत्र उघडावे लागले.

उघडणे, ऐकणे, बदलणे

जुने यंत्र हाती आले की त्याला लगेच वीज द्यायची नाही, हा या कामातला पहिला नियम. यंत्राच्या डाव्या बाजूला वीजपुरवठ्याची पत्र्याची पेटी असते. तिच्यात घरातल्या विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. पारदर्शक पिवळसर आवरणात गुंडाळलेला कागदी पापुद्रा, अशी त्यांची बांधणी. चाळीस वर्षांत आवरणाला बारीक तडे जातात आणि कागद हवेतला ओलावा शोषतो. मग वीज मिळाली की काही मिनिटांत स्फोटाचा आवाज आणि डोळे चुरचुरवणारा धूर. आपल्याकडचे चार महिन्यांचे पावसाळे मोजले तर हे तडे लंडनपेक्षा सांगली-कोल्हापुरात अधिक घातक ठरतात. म्हणून ते दोन आणि शेजारचे वाळलेले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आधी बदलले. पाच व्होल्ट बरोबर येतात याची मीटरवर खात्री केली आणि मगच पेटी मुख्य पट्टीला जोडली.

बीबीसी मायक्रो सुरू होताना दोन सूर काढतो: एक खालचा, लगेच दुसरा वरचा. माझ्या यंत्राने एकच सूर धरला आणि सोडला नाही. ज्याला हे यंत्र माहीत आहे त्याला या सुराचा अर्थ कळतो. त्यातली ध्वनीची चिप वीज मिळताच आपसूक आवाज करू लागते. तिला गप्प करणे हे मूळ प्रोग्रॅमच्या पहिल्या कामांपैकी एक. सूर थांबत नाही याचा अर्थ प्रोग्रॅम सुरूच झालेला नाही. यंत्र बेशुद्ध आहे, पण श्वास चालू आहे, अशी ती अवस्था.

कारण साधे निघाले. मूळ प्रोग्रॅमची चिप खाचेत बसवलेली असते आणि तिचे पाय काळे पडले होते. चिप अलगद उचलून पाय घासले, खाच साफ केली, पुन्हा बसवली. यावेळी दोन्ही सूर आले. पण पडद्यावर उमटलेली अक्षरे वेडीवाकडी होती. ‘बीबीसी’ या इंग्रजी आद्याक्षरांतल्या ‘सी’च्या जागी पुन्हा ‘बी’ उमटला होता. ‘कॉम्प्युटर’ शब्दातल्या ‘ओ’चा ‘एन’, ‘एम’चा ‘एल’, ‘यू’चा ‘टी’ झाला होता. ३२ किलोबाइटचे २२ झाले होते.

असे बिघाड मला फार आवडतात, कारण ते मुद्देसूद बोलतात. संगणकात प्रत्येक अक्षराला एक अंक असतो. ज्यांचे अंक सम होते ती अक्षरे शाबूत होती. ज्यांचे विषम होते ती एका घराने मागे सरकली होती. म्हणजे आठ बिटांपैकी सर्वांत खालचा बिट कायम शून्य राहत होता. या यंत्राच्या ३२ किलोबाइट स्मृतीसाठी १६ चिपा असतात, आठ-आठच्या दोन गटांत, आणि गटातली प्रत्येक चिप एकेक बिट सांभाळते. पडद्यावरचा मजकूर वरच्या गटात राहतो. यंत्र बाकी सुरळीत चालत होते, म्हणजे खालचा गट ठीक होता. सोळांतली नेमकी एक चिप दोषी ठरली. तिच्या सोळा पायांचे डाग सोडवून ती काढली, दुसऱ्या एका निकामी बोर्डावरची बसवली, आणि पडद्यावर यंत्राचे नाव बिनचूक उमटले. त्याखाली ‘बेसिक’ हा शब्द आणि त्याखाली आज्ञेची वाट पाहणारी छोटी खूण.

काढलेला प्रत्येक भाग मी कागदी पाकिटात ठेवतो. पाकिटावर तारीख, भागाची जागा, काढण्याचे कारण आणि बदली भाग कुठून आला ते लिहितो. संग्रहालयांतले जतनतज्ज्ञ जो नियम चित्रांना आणि शिल्पांना लावतात तोच हा नियम: जे केले ते पुढच्या माणसाला ओळखता यावे, आणि शक्यतो उलटवता यावे.

पिवळेपणा आणि झिजलेल्या कळा

यंत्र चालू झाले. राहिले ते त्याचे रूप. मूळचा मोतिया रंगाचा सांगाडा तंबाखूच्या डागासारखा पिवळा पडला होता. त्या काळच्या प्लास्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगे मिसळत. उजेड, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे असे प्लास्टिक पिवळे पडते. यावर उपायही आहे. २००८च्या सुमारास जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींनी शोधून काढले, की हायड्रोजन पेरॉक्साइड लावून प्लास्टिक अतिनील प्रकाशात ठेवले तर पिवळेपणा जातो. आपल्याकडे ऊन फुकट आहे आणि केस रंगवणाऱ्यांच्या दुकानात १२ टक्क्यांची पेरॉक्साइड क्रीम मिळते. एप्रिलमधली एक दुपार पुरते. झिजलेल्या कळांच्या जागी दुसऱ्या यंत्राच्या कळा बसवल्या, की सगळेच नवे. असे यंत्र संग्राहकांमध्ये चांगल्या किमतीला जाते.

मी त्या वाटेला गेलो नाही. कारण एकतर झाकणाच्या मागच्या कडेवर पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवलेला एक क्रमांक होता: शाळेचा डेडस्टॉक नंबर. हात सरावाचा होता, बहुधा ज्याने बाकांवर नंबर घातले त्याचाच. पेरॉक्साइडने तो राहिला नसता. पण त्याहून मोठे कारण कळफलकात होते.

धूळ काढून कळफलक तिरप्या उजेडात धरला तेव्हा दिसले, की बहुतेक कळांचा खरखरीतपणा नव्यासारखा शाबूत आहे. वरच्या ओळीतल्या लालसर कळा तर जणू कालच बसवलेल्या. चकचकीत झालेल्या कळा मोजक्याच: झेड, एक्स, कोलनची, तिरप्या रेघेची, रिटर्न आणि लांबलचक स्पेस. पहिल्यांदा हा मेळ लागेना. मग त्या काळचे खेळ आठवले. बीबीसी मायक्रोवरच्या असंख्य खेळांत झेड म्हणजे डावीकडे, एक्स म्हणजे उजवीकडे, कोलन म्हणजे वर, तिरपी रेघ म्हणजे खाली. रिटर्नने गोळी सुटायची.

याचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. एका यंत्रावरून एका योजनेचा निवाडा होत नाही. कळफलक मधल्या काळात बदललेला असू शकतो. मात्र त्याच्या कडेची धूळ आणि सांगाड्यावरची धूळ यांची रेघ सलग होती, स्क्रूंच्या खाचाही अस्पर्श होत्या. एवढे धरून चालले तर काही गोष्टी म्हणता येतात. बेसिक प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ अंकाने सुरू होते: दहा, वीस, तीस. तिथे प्रोग्रॅम लिहिणे भरपूर शिकवले गेले असते, तर एक आणि शून्य या कळा आधी झिजल्या असत्या. त्या शाबूत आहेत. ‘प्रिंट’ या आज्ञेची अक्षरेही शाबूत आहेत. म्हणजे यंत्र ज्या कामासाठी आणले त्यासाठी ते फारसे वापरले गेले नाही. पण ते नुसते कपाटातही पडून नव्हते. कोणीतरी, बहुधा मधल्या सुट्टीत, बहुधा कुणा दिलदार शिक्षकाच्या मेहेरबानीने, त्याच्यावर खेळले होते. खूप खेळले होते.

यात हसण्यासारखे किंवा खंत करण्यासारखे काही नाही. ज्या मुलाला पडद्यावरचे इंग्रजी वाक्य कळत नव्हते त्याला झेड आणि एक्स कळले. कळ दाबली की चित्र हलते, चुकले की पुन्हा सुरू करता येते, आणि यंत्र रागावत नाही, एवढी साक्षरता त्याला तिथे मिळाली. योजनेच्या अहवालात तिला रकाना नव्हता. तिचा पुरावा त्या सहा कळांवर आहे. मी यंत्र ‘नव्यासारखे’ केले असते, तर तो एका दुपारीत नाहीसा झाला असता.

मग चालू तरी कशाला करायचे?

यावर कोणी विचारील, की झीज हाच पुरावा असेल तर यंत्र दुरुस्त करण्याची गरज काय? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, दिवे आहेत. त्यांनी सुपारी कातरून दाखवावी अशी अपेक्षा कोणी करत नाही. खरे आहे. पण अडकित्ता पाहिला की तो काय करतो ते त्याच्या आकारावरूनच कळते. बंद संगणक ही नुसती पेटी असते. झेड आणि एक्स या कळांचा अर्थ खेळ सुरू झाल्याशिवाय लागत नाही. यंत्र चालले म्हणून मला झीज वाचता आली.

याच यंत्राच्या घराण्यातला दुसरा दाखला जास्त बोलका आहे. १०८६ मध्ये विजेत्या विल्यम राजाने इंग्लंडची पाहणी करून ‘डूम्सडे बुक’ तयार करवले. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवे डूम्सडे काढले. देशभरातल्या शाळकरी मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी आपापल्या परिसराविषयी मजकूर आणि छायाचित्रे पाठवली. ती सगळी लेसर डिस्कवर साठवली गेली. वाचण्यासाठी बीबीसी मायक्रोचा पुढचा अवतार ‘मास्टर’ आणि खास बनवलेला डिस्क-प्लेयर लागे. सोळा वर्षांत हे प्लेयर इतके दुर्मिळ झाले, की २००२ मध्ये विद्यापीठीय संशोधकांना त्या यंत्राची नक्कल नव्या संगणकावर उभी करून मजकूर वाचवावा लागला. २०११ मध्ये बीबीसीने त्यातला बराच भाग इंटरनेटवर आणला. चर्मपत्रावरचे १०८६ चे मूळ पुस्तक मात्र आजही लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि लॅटिन येणाऱ्याला वाचता येते.

मजकूर जपायचा तर वाचणारे यंत्रही जपावे लागते, हा त्याचा धडा. आणि माझ्या यंत्राचा धडा असा, की यंत्र जपायचे तर वापरणाऱ्याच्या खुणाही जपाव्या लागतात. म्हणून मी ठरवले ते इतकेच: वीज ज्या मार्गाने जाते तिथे लागेल ते बदलायचे, हात जिथे पडले तिथे काही बदलायचे नाही. आतून यंत्र दुरुस्त, बाहेरून जसे आले तसे. सांगाडा पिवळाच आहे.

आठ बाय आठ

बीबीसी मायक्रोत एक सोय अशी, की आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच चौकटीत कोणतेही नवे अक्षर आखून यंत्राला शिकवता येते. आठ ओळींचे आठ अंक दिले की काम झाले. दुरुस्तीनंतर मी देवनागरी आखून पाहिली. ‘म’, ‘र’, ‘ग’ बऱ्यापैकी जमतात. पण शिरोरेषेला एक ओळ गेली की उरतात सात. वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा राहत नाही. ‘मुली’ हा शब्द लिहायचा तर अक्षरे तरी खुजी करावी लागतात किंवा एका अक्षरासाठी दोन चौकटी रचाव्या लागतात. आपल्या लिपीला त्या यंत्रात किती जागा होती, हे मला कोणत्याही अहवालापेक्षा त्या आठ ओळींत स्पष्ट दिसले. त्या मुलांनी झेड आणि एक्सवर का समाधान मानले असेल, तेही थोडे कळले.

अजूनही काही शाळांच्या कपाटांत ही यंत्रे असतील. सोबत फ्लॉपी असतील, कॅसेट असतील, त्यांवर कुणा विद्यार्थ्याने लिहिलेला एखादा प्रोग्रॅमही असेल. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या दमट हवेत चुंबकीय फितीवर बुरशी धरते, त्यामुळे त्यांना फार वेळ उरलेला नाही. निर्लेखनाचा ठराव जरूर करावा, पण त्याआधी तीन गोष्टी कराव्यात. फ्लॉपी आणि कॅसेटची प्रत जाणकाराकडून करून घ्यावी. डेडस्टॉक रजिस्टरच्या त्या पानाचे छायाचित्र काढावे. आणि कळफलक फडक्याने पुसण्यापूर्वी एकदा तिरप्या उजेडात धरून कोणत्या कळा चमकतात ते लिहून ठेवावे. अशा पन्नास यंत्रांच्या नोंदी जमल्या, तर १९८०च्या दशकातल्या वर्गात खरोखर काय घडले, यावर अंदाजापेक्षा अधिक काही बोलता येईल. माझ्या वहीत सध्या एकच नोंद आहे: झेड, एक्स, कोलन, तिरपी रेघ, रिटर्न, स्पेस.